गाडी ‘मिसिंग’ का मारते?

जुन्या पेट्रोल मोटारीच्या एका नेहमीच्या दुखण्याची ओळख

आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांच्या दारात आज चारचाकी उभी आहे. ती नवी कोरी असतेच असे नाही. कुणी निवृत्त साहेबांकडून पद्मिनी घेतली, कुणाकडे कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे, तर कुणी जुनी मारुती व्हॅन घेऊन तिच्यावर संसार चालवतो. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. अॅम्बेसेडर आणि मारुती ८०० ह्या दोघींचे २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. परंतु आपल्या सातारा-सांगलीकडे ह्या गाड्यांपैकी काही अजूनही लग्नाला, दवाखान्याला आणि दीक्षाभूमीच्या वारीला जाताना दिसतात.

अशा गाडीचे सर्वांत जास्त ऐकू येणारे दुखणे म्हणजे मिसिंग. गाडी एका जागी उभी असताना थरथरते, सायलेन्सरमधून ‘फट्, फट्’ असा तुटक आवाज येतो, चढावर दम निघत नाही, पेट्रोल जास्त लागते. ह्या एका लक्षणामागे कारणे मात्र डझनभर असू शकतात. त्यातले एखादे दोन-चारशे रुपयांत निघते, तर एखाद्याला इंजिन उघडावे लागते. नेमके कोणते, हे ठरवण्याची रीत जाणून घेतली तर सभासदांचा पैसा वाचेल आणि आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलांना धंद्याचे मर्म कळेल, म्हणून हा लेख.

प्रथम इंजिन काय करते ते पाहू. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते, दाबले जाते, प्लगच्या ठिणगीने पेटते आणि जळालेला धूर बाहेर फेकला जातो. ह्या चार क्रियांना क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये १५०० वेळा स्फोट व्हायला हवा, चारांत मिळून ६०००. सेकंदाला शंभर ठिणग्या! ह्यातली एखादी ठिणगी चुकली, किंवा ठिणगी पडली पण पेटायला योग्य मिश्रण नव्हते, किंवा मिश्रण होते पण नीट दाबलेच गेले नाही, की तो स्फोट हुकतो. ह्यालाच मिसिंग म्हणतात. ठिणगी, मिश्रण आणि दाब ह्या तिघांपैकी कोण गैरहजर आहे एवढाच शोध घ्यायचा असतो.

ठिणगीची वाट थोडी सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाडीत बहुतेक भानगडी तिथेच असतात. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्युटर, ज्याला आपले मिस्त्री डेल्को म्हणतात, त्याच्या आत दोन छोट्या टिकल्यांची जोडी असते. तिला पॉइंट म्हणतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह एकदम तुटतो आणि त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. शेजारी बसवलेला कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी उडू देत नाही, त्यामुळे प्रवाह झटकन तुटतो. हा उच्च दाब मग मधल्या वायरने डेल्कोच्या टोपीत येतो आणि आत फिरणारा रोटर त्याला पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो. पद्मिनीत ही पाळी १-३-४-२ अशी असते, तीन सिलिंडरच्या मारुतीत १-३-२. वायरी काढून परत लावताना हा क्रम बदलला की चांगले इंजिनही वेड्यासारखे करू लागते. म्हणून वायर काढण्याआधी तिच्यावर चिकटपट्टी लावून आकडा लिहावा.

आता निदान. आमच्या बँकेतल्या जुन्या मंडळींची एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. हाताने लेजर लिहिण्याच्या काळात संध्याकाळी जमा-खर्च जुळला नाही तर सगळी पाने पहिल्यापासून तपासत बसण्याची पद्धत नव्हती. आधी फरकाची रक्कम पाहायची. तिला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असण्याचा संभव मोठा. दोनने भागून येणारी रक्कम वहीत कुठे सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली असावी. फरकाचा स्वभावच चूक कुठल्या जातीची आहे ते सांगतो. मिसिंगचेही तसेच आहे. मिसिंग केव्हा होते, हे आधी विचारावे, मग पाना हातात घ्यावा.

मिसिंग ठरावीक तालात होत असेल, म्हणजे दर तीन ठोक्यांनंतर चौथा खाली जात असेल, तर एकच सिलिंडर कामचुकार आहे. आवाज बेताल असेल, कधी इकडे कधी तिकडे, तर चारही सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागांकडे पाहावे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर, कार्बोरेटर. उभ्या गाडीत मिसिंग आणि वेगात ठीक असेल तर कार्बोरेटरचा लहान जेट, ज्याला स्लो जेट म्हणतात, तो तुंबला असेल किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा ओढली जात असेल. सपाटीला ठीक आणि खंबाटकीच्या घाटात झटके, असे असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा ठिणगी भाराखाली टिकत नाही. सकाळी ओलाव्यात मिसिंग आणि दुपारी ठीक, तर वायरी आणि डेल्कोची टोपी. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, तर कंडेन्सर, कॉइल किंवा पेट्रोलची वाफ.

एका सिलिंडरवर संशय असेल तर तो कोणता, हे शोधण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवावे आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर उचलून पाहावी. वायर काढताच इंजिनाचा आवाज खाली बसला, तर तो सिलिंडर इमानाने काम करत होता. वायर काढूनही काहीच फरक पडला नाही, तर तोच आपला गुन्हेगार. मात्र हे करताना उघड्या हाताने वायरीला शिवू नये. पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका असतो. हृदयविकार असलेल्यांनी तर ह्या भानगडीत पडूच नये. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर हा प्रयोग करू नये, त्यांची महागडी यंत्रणा त्यात जळू शकते.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढून पाहावा. प्लग हा इंजिनाची जीभ आहे असे म्हणायला हरकत नाही. वैद्य जीभ पाहतो तसा मिस्त्री प्लग पाहतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आत सारे क्षेम आहे. काजळीसारखा कोरडा काळा थर असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त होते आहे, कदाचित चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर भरला असेल. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीच पडलेली नाही. ऑईलने चिकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईड झिजल्या आहेत. टोक पांढरे आणि भाजल्यासारखे असेल तर पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त.

ह्यानंतरची पायरी ही ह्या सगळ्या विद्येचा गाभा आहे. संशयित प्लग दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या सिलिंडरमध्ये लावायचा आणि तिकडचा इकडे आणायचा. दुखणे प्लगबरोबर तिकडे गेले, तर प्लग खराब. दुखणे जागच्या जागी राहिले, तर प्लग निर्दोष. मग तसेच वायरीचे. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि गाडी चालवून पाहायची. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, वायरी सगळे एकदम नवे टाकले आणि गाडी सुधारली, तर गाडी सुधारली खरी, पण दोष कशात होता हे कुणालाच कळले नाही. तीन चांगल्या वस्तू भंगारात गेल्या आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तितकेच अज्ञानी. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. परंपरेने आले म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा, असा त्याचा आशय. गॅरेजच्या ओट्यावर हा उपदेश शब्दशः लागू पडतो.

ह्याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. आपले एक वयस्क सभासद आपल्या आजारी पत्नीला तपासणीसाठी दर महिन्याला मिरजेला नेत असत. पेठनाका सोडून आष्ट्याकडे जाताना त्यांची पद्मिनी एके दिवशी तीन सिलिंडरवर आली. कशीबशी पोचली. एका गॅरेजने गाडी पाहून सांगितले, इंजिन गेले, बोअर करावे लागेल, रिंगा, पिस्टन, सगळेच. आकडा ऐकून ते गृहस्थ सोन्यावर कर्ज किती मिळेल हे विचारायला आमच्या काउंटरवर आले. दागिने पत्नीचेच होते. मी त्यांना एवढेच विचारले, की कॉम्प्रेशन मोजले का? मोजले नव्हते. मग कऱ्हाडकडच्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी प्लगची अदलाबदल केली, दुखणे तिसऱ्या सिलिंडरवरच राहिले. वायर बदलली, तरी तिथेच. कॉम्प्रेशन मोजले, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. मग त्यांनी डेल्कोची टोपी काढून उन्हात धरली. आतल्या बाजूला तिसऱ्या खुंटीपासून टोपीच्या कडेपर्यंत शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. ओलावा आणि धूळ ह्यांमुळे वीज टोपीच्या पृष्ठभागावरून वाहत जाते, वाटेत तेथील बॅकेलाइट जाळते आणि जळालेला कोळसा पुढच्या ठिणगीला आयती वाट करून देतो. तिसऱ्या प्लगची वीज त्या वाटेने इंजिनाच्या लोखंडात मुरत होती. टोपी बदलली, गाडी चार सिलिंडरवर आली. दागिने घरी परत गेले.

ही रेघ दिवसा सहसा दिसत नाही. अंधारात इंजिन चालू करून बॉनेट उघडावे. वायरींवर किंवा टोपीवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वीज कुठे गळते आहे ते कळते. महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडच्या सभासदांना पावसाळ्यात हे दृश्य पाहायला मिळेल. तात्पुरता उपाय म्हणजे टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसणे. रेघ पडली असेल तर मात्र टोपी बदलण्याला पर्याय नाही, खरवडून ती जात नाही.

पॉइंटबद्दल दोन शब्द. त्यांचे अंतर फिलर गेजने पाहावे. पद्मिनीसाठी ते साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अंतर फार मोठे झाले तर कॉइलला भरायला वेळ मिळत नाही आणि वेगात मिसिंग होते. फार लहान झाले तर पॉइंट जळतात आणि टाइमिंग मागे जाते. टिकल्या वारंवार काळ्यानिळ्या पडत असतील तर दोष कंडेन्सरकडे शोधावा. नुसते पॉलिश पेपरने घासत राहणे हे तापावर फक्त पाण्याच्या पट्ट्या ठेवण्यासारखे आहे. अंतर नीट लावूनही गाडी बेताल चालत असेल तर डेल्कोचा दांडा हाताने हलवून पाहावा. बुश झिजला असेल तर दांडा डुलतो आणि दर फेऱ्याला पॉइंटचे अंतर बदलते.

येथे थोडे विषयांतर करतो. गावगाड्यातल्या बारा बलुत्यांत मोटार मिस्त्री नाही. सुतार होता, लोहार होता, त्यांचे हुन्नर बापाकडून मुलाकडे जात आणि दुसऱ्याला ती वाट बंद होती. इंजिन आले ते ह्या व्यवस्थेच्या बाहेरून आले. आपल्याच भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, सातारा रोडला कूपर यांचा कारखाना उभा राहिला आणि १९३० च्या दशकात तेथे डिझेल इंजिने बनू लागली. १९४७ मध्ये सांगलीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, त्याला पुढे वालचंद हिराचंदांचे नाव मिळाले. पद्मिनी बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही १९४४ मधली कंपनीही वालचंदांचीच. ह्या नव्या धंद्यावर कुणा एका जातीचा शिक्का नव्हता, म्हणून आपल्या वस्तीतली मुले हेल्पर म्हणून का होईना, त्यात शिरू शकली. आणि वाहनाशी आपला जुना हिशेब आहेच. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेले बालभीम आणि त्यांच्याबरोबरची घरची मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळल्यावर कुणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, बैल मुलांनीच हाकायचे ह्या अटीवर एक गाडी मिळाली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आज त्याच मसूरवरून आपली माणसे स्वतःच्या मोटारीने जातात. हेल्पर मुलाला मात्र अजूनही पाने पुसायला लावतात आणि टाइमिंग लावताना मिस्त्री पाठ फिरवून उभा राहतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. विद्या झाकून ठेवण्याची ही सवय आपल्या लोकांनी तरी पुढे चालवू नये.

आता पेट्रोलकडे वळू. उन्हाळ्यात घाट चढताना पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर झटके देऊन बंद पडते आणि चालक पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवतो, हे दृश्य जुन्या लोकांना आठवत असेल. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही, म्हणून कार्बोरेटर उपाशी राहतो. फडक्याने पंप थंड झाला की गाडी चालू होते. पण तापलेली कॉइलही अशीच फसवते आणि थोड्या विश्रांतीने तीही सुधारते. म्हणून गाडी बंद पडताच, ती थंड होण्याआधी, ठिणगी आहे का आणि पेट्रोल येते आहे का हे दोन्ही तपासावे. एकदा इंजिन गार झाले की पुरावा नाहीसा होतो.

अलीकडे ह्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. त्यातले इथेनॉल आपल्याच कृष्णाकाठच्या उसापासूनही बनते, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९८०-९० च्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण गरजेपेक्षा विरळ पडते. पंपाचा पडदा, नळ्या, वॉशर ह्यांचे जुने रबर फुगते किंवा तडकते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे. दोन थर दिसले तर दुसरे निदान करायची गरज नाही, टाकी रिकामी करून धुवावी. जुन्या गाडीच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्यात आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवावी.

सांगलीकरांना वेगळा इशारा हवा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढावेत, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, ऑईल बदलावे, टाकी व कार्बोरेटर साफ करावे, डेल्को वाळवावा, मगच चावी लावावी.

राहता राहिला दाब. ठिणगी उत्तम, पेट्रोल उत्तम आणि तरीही सिलिंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. कॉइलची वायर काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहावा. सगळे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावेत. एक कमी निघाला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑईलने त्यांची फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट उडाली आहे. व्हॉल्व्हवर संशय असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेटचे अंतर पाहावे. ते घट्ट झाले असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गळतो आणि शेवटी जळतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण करी. लहान मुलांच्या मेंदूला ते विषच होते, ते गेले हे फार चांगले झाले. पण मऊ बैठकीच्या जुन्या इंजिनात बैठक झिजून टॅपेट लवकर घट्ट होतात, म्हणून अशा गाडीचे टॅपेट अधिक वेळा तपासावे लागतात. इंजिन उघडायचेच ठरले तर कठीण बैठका बसवून घेता येतात.

इंजिन काम करण्याचा सल्ला कुणी दिला तर कॉम्प्रेशनचे चारही आकडे कागदावर लिहून मागावेत. तो आपला हक्क आहे आणि चांगला मिस्त्री ते आनंदाने देतो. काम झाल्यावर काय बदलले, किती किलोमीटरवर बदलले आणि कशामुळे, हे एका वहीत तारखेसह लिहावे. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. डेल्कोची ती रेघ पडलेली टोपी मी त्या सभासदांकडून मागून घेतली आहे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला ती रेघ कशी असते हे पाहायचे असेल, तर रविवारी विहारात मला भेटावे.